न दिसलेलं न्हाण

माझ्या न्हाणाचं जेवण अख्खी गल्ली जेवली, तेव्हा मला रक्ताचा एक थेंबही गेलेला नव्हता. हे वाक्य मी आजवर मोजक्या माणसांपुढं बोलले आहे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं आधी दाराकडं बघितलं, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. माझं डोकं फिरतं ते तिथंच. माझ्या पोटात दोन वर्षं काय चाललं होतं हे कुणाला ऐकायचं नव्हतं, पण दाराबाहेरच्यांच्या कानावर काय जाईल याची मात्र सगळ्यांना काळजी होती.

गोष्ट नव्वद सालानंतरची. आम्ही तेव्हा कळंब्याला राहायचो. आता तिथं अपार्टमेंटं उभी आहेत, पण त्या वेळी आमच्या दारात दोन म्हशी होत्या आणि मागच्या परड्यात गवताची गंजी. घरात आम्ही चौघं. आबा, म्हणजे माझे वडील, दूध संस्थेत मापाला होते. आई घरचं आणि गोठ्याचं बघायची. आणि आत्या. ती आबांची थोरली बहीण, लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला तशी मलकापूरहून माहेरी परत आलेली. आबा तिला आक्का म्हणायचे आणि तिच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत. आई तर तिच्यापुढं डोक्यावरचा पदरही ढळू द्यायची नाही.

मी तेरा वर्षांची झाले तशा माझ्या बरोबरीच्या मुली एकेक करून 'शहाण्या' होऊ लागल्या. पहिली पाळी आली की मुलीला चार दिवस बाजूला बसवायचं, मग न्हाऊ घालायचं, मामानं आणलेली साडी नेसवून केळीच्या खांबांच्या मखरात बसवायचं, बायकांनी ओटी भरायची, गाणी म्हणायची, गोडाचं जेवण घालायचं. आमच्याकडं हे सगळं दणक्यात व्हायचं. आणि ज्या घरातल्या मुलीचं अजून झालेलं नाही, त्या घराकडं नळावरच्या बायकांचं बारीक लक्ष असायचं. अजून न्हाय व्हय, असं त्या आईला येता-जाता विचारायच्या. एकीनं तर, पोरीत काही कमी असेल तर आत्ताच दाखवून घ्या, असंही सुनावलं. सगळ्यांत शहाणपणाचं बोलली ती तीच. पण तिनं ते टोमणा म्हणून बोललं आणि आईनंही टोमणा म्हणूनच ऐकलं.

त्याच सुमारास माझं पोट दुखायला लागलं. अगदी खाली, ओटीपोटात, धुणं पिळावं तसं आतून पिळायचं. तीन-चार दिवस दुखायचं आणि राहायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एकदा गोठ्यातच कळ आली आणि शेणाची पाटी टाकून मी खाली बसले. आत्यानं ते बघितलं आणि तिचं तोंड उजळलं. पोट दुखतंय म्हणजे आलंच, म्हणाली. आईनं मला आत नेऊन बघितलं. काहीच नव्हतं. आत्या म्हणाली, दिसेल आज ना उद्या, कुणाकुणाला उशिरा दिसतं. आणि दिवस मावळायच्या आत तिनं ते शेजारणीला सांगूनही टाकलं. आमच्या शेजारणीला सांगितलं की पुढं कुणाला वेगळं सांगावं लागायचं नाही.

मला सोप्यातल्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या. रोज सकाळी आई डोळ्यांनीच विचारायची आणि मी मान हलवायची. चार दिवस भरत आले तशी आईची घालमेल व्हायला लागली. पण तोवर मामाला निरोप गेला होता आणि तो साडी घेऊन गगनबावड्याहून निघालाही होता. आता काय करायचं, असं आईनं विचारलं तेव्हा आत्यानं एका वाक्यात निकाल लावला.

"न्हाऊ घालून मोकळं हूया. त्ये येतंय की मागनं."

तर मी मखरात बसले. अंगावर हिरवी साडी, केसांत अबोली, ओटीत नारळ आणि पोटात कळा. बायका गात होत्या. मला हसतमुख बसायला सांगितलं होतं. बाहेर मांडवात आबा पावण्यांना आग्रह करकरून जिलबी वाढत होते. एवढ्या बायका जमलेल्या, त्यातल्या प्रत्येकीला पाळी म्हणजे काय ते ठाऊक, पण एकीनंही माझ्या कानाशी लागून विचारलं नाही की, बाई, तुला झालं काय नक्की? सोहळा झाला म्हणजे झालंच असणार. मी आजही कुणाच्या न्हाणाच्या जेवणाला जात नाही. बोलावणं आलं की तोंडावर सांगते, येणार नाही.

ते मागनं येणारं काही आलं नाही. यायची ती कळ, महिन्याच्या महिन्याला. आणि आता सोहळा झालेला होता, म्हणजे दर महिन्याला बाजूला बसणंही आलं, नाहीतर गल्लीला काय सांगणार? पोट दुखायला लागलं की आत्या पोतं अंथरायची. शाळा बुडायची. भाकरीच्या बुट्टीला हात लावायचा नाही, घागरीला शिवायचं नाही, देवाकडं फिरकायचं नाही. रक्त न जाता मी दोन वर्षं विटाळ पाळला. एकदा मी आईला म्हटलं, मला काही झालेलंच नाही, तर मी का बसू? आई म्हणाली, हळू बोल.

दवाखाने केले नाहीत असं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग गॅसचं. आत्यानं कुठूनतरी अंगारा आणला. हळूहळू माझं पोट पुढं दिसायला लागलं, खाली हाताला गोळा लागायचा. आत्या त्या पोटाकडं ज्या नजरेनं बघायची ती नजर मला कळायची. म्हणजे बघा, मला पाळी येत नाही हे तिला पक्कं ठाऊक, ती आल्याचं गावभर तिनंच केलेलं, आणि आता पोट दिसतंय म्हणून संशयही तिचाच. रागानं माझा तिळपापड व्हायचा. पण त्या वयातल्या मुलीचा राग आमच्या घरात कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

शेवटी आबा मला शहरातल्या एका नावाजलेल्या सर्जनकडं घेऊन गेले. आई आणि आत्याही होत्याच. डॉक्टरांनी पोट दाबलं, मी कळवळले. त्यांनी आईला विचारलं, "पाळी नियमित येते ना?" मला नाही, आईला. मी तिथंच त्यांच्या हाताखाली पडलेली, तोंड शाबूत, कान शाबूत. आईनं एकवार आत्याकडं बघितलं.

"व्हय की," आई म्हणाली. "म्हैन्याच्या म्हैन्याला चार दिस बाजूला बसती."

यातला बसण्याचा शब्द खोटा नव्हता. मी बसतच होते. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि पाळीचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला. खाली तपासायचा तर विषयच निघाला नाही. लग्न न झालेल्या मुलीला तिथं कसं बघणार? त्यापेक्षा अपेंडिक्स बरं. पोट फाडायला कुणाचीच हरकत नव्हती. आबांनी लगेच सही केली, आत्या देवाला नारळ बोलली. काढलेला तुकडा बाटलीत घालून आबांना दाखवला, आणि रोग डोळ्यांनी बघितला म्हणून आबांना समाधान वाटलं. माझ्या शरीरात जो एकच अवयव बिचारा निमूट आपलं काम करत होता, तो त्यांनी काढून टाकला.

त्याचा वण अजून आहे. दोन हजार सालानंतर कधीतरी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कशाचं ऑपरेशन? अपेंडिक्सचं?" मी म्हटलं, "नाही, लाजेचं." त्यांना काही कळलं नाही, आणि माझ्यामागं मोठी रांग होती.

ऑपरेशननंतर पुढच्याच महिन्यात पोट पुन्हा दुखलं. आत्या म्हणाली, टाके ओढत असतील. त्याच्या पुढच्या खेपेला बाजूला बसून उठले, पण गोळा काही बसला नाही, आणि काही दिवसांनी एका दुपारी माझी लघवीच बंद झाली. जोराची लागलेली, पण थेंब उतरेना. परड्यातल्या भिंतीला धरून मी ओरडायला लागले. आबा संस्थेत होते. त्या दिवशी आईनं आत्याला काही विचारलं नाही, हे मला स्पष्ट आठवतं. तिनं रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला. आत्या चढली ती मागून. टेम्पोवाल्याच्या बायकोचं बाळंतपण रंकाळ्याच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंकडं झालं होतं, तेवढाच दवाखाना त्याला ठाऊक. त्यानं सरळ तिथं नेलं. मी वाचले ती अशी, टेम्पोवाल्याला दुसरा दवाखाना माहीत नव्हता म्हणून.

बाई पन्नाशीच्या असतील. आवाज खणखणीत. आधी त्यांनी नळी घालून लघवी काढली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मग पोटावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. त्यांनी आईला तोच प्रश्न विचारला आणि आईनं तेच उत्तर दिलं, चार दिवस बाजूला बसती. त्यावर बाईंनी दोघींना बाहेर जायला सांगितलं. आत्या म्हणाली, पोरीला काय कळतंय, मी सांगते. बाईंनी उठून दार धरलं, दोघी बाहेर गेल्यावर ते लावलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"शेवटची पाळी कधी आली?"

"गेल्या आठवड्यात बसले होते."

"बसलीस कधी ते नाही विचारलं. रक्त कधी गेलं?"

"कधीच नाही."

एवढंच. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न मला विचारला होता. मला रडू आलं नाही, संताप आला. हे एवढं सोपं होतं तर.

मला विचारून, पायांवर चादर घालून त्यांनी खाली बघितलं. मिनिटभर लागलं असेल. मग चादर सारखी केली, मला टेकून बसवलं आणि काय आहे ते सगळ्यांत आधी मला सांगितलं. पाळीचं रक्त ज्या वाटेनं बाहेर येतं, तिच्या तोंडावर पातळ पडदा असतो आणि त्याला भोक असतं. माझ्या पडद्याला जन्मापासून भोकच नव्हतं. पाळी मला दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, पण रक्ताला बाहेर पडायला जागा नव्हती. ते महिन्याच्या महिन्याला आत साठत गेलं. पोटातला गोळा म्हणजे तेच रक्त, आणि आता त्यानं लघवीची वाटही दाबली होती. ऑपरेशन लहानसं आहे, त्या म्हणाल्या. पण आणखी थांबलं तर आतल्या नळ्या, गर्भाशय सगळं खराब होत जाईल, आणि पुढं मूल होणं अवघड होऊन बसेल.

"तुझ्यात कमी काही नाही," त्या म्हणाल्या. "दार तेवढं उघडायचं राहिलंय."

म्हणजे आत्याचं खरंच होतं. मला न्हाण आलं होतं. ते दिसत का नाही याची चौकशी करायच्या ऐवजी आम्ही जिलबी वाढली होती.

संध्याकाळी आबा आले. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पडदा कापायचा म्हटल्यावर आबांचं तोंड उतरलं आणि आत्याचं सुटलं. पडदा कापला की पोरगी कुमारी कशी राहणार? उद्या बघायला येणाऱ्या पावण्यांना काय सांगायचं? तिच्याकडं उपाय तयार होता. मलकापूरकडचं एक स्थळ तिच्या बघण्यात होतं, महिन्याच्या आत लग्न उरकून टाकायचं.

"नवऱ्याचं काम हाय त्ये," आत्या म्हणाली. "डाक्टरनं कशाला करायचं?"

हे ती माझ्या खाटेच्या पडद्याआड उभी राहून बोलली. मी पंधरा वर्षांची, अंगात लघवीची नळी, आणि पलीकडं माझ्या नवऱ्याचं काम ठरत होतं.

बाईंनी आवाज चढवला. लग्नानं हे सुटत नाही, म्हणाल्या, नवऱ्यानं जबरदस्ती केली तर पोरगी फाटेल, रक्तानं न्हाईल. मग आबांनी खालच्या आवाजात विचारलं की, कापून झाल्यावर परत शिवता येईल का, कुणाला कळणार नाही असं? बाई म्हणाल्या, ते परत मिटू नये म्हणूनच टाके घालायचे असतात. यावर आबा म्हणाले, भावकीत विचारून सांगतो, दोन-चार दिवस जाऊ देत. भावकी! माझं पोट फाडायची सही करताना ह्यांना भावकी आठवली नव्हती. तिथं वण दिसला तरी चालणार होता. इथं काहीच दिसणार नव्हतं, तर चुलते, मालते, सगळ्यांचा सल्ला हवा होता.

घरी न्यायचं तर न्या, बाई म्हणाल्या, पण नळी काढली की लघवी पुन्हा अडेल आणि पोरीचे हाल तुमच्या डोळ्यांपुढं होतील. आत्या माझे कपडे पिशवीत भरायला लागली. मी खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ओढून नेलं असतं तर खाटेसकट न्यावं लागलं असतं.

आई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली, आत्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"बाई, मी फशिवलं तुमास्नी," ती डॉक्टरांना म्हणाली. "आमी हिला नुसतं बसवत हुतो. रगात कदी गेलंच न्हाय." मग आबांकडं न बघता तिनं विचारलं, "माजी सही चालती का?"

चालत होती. आबा बाहेर जाऊन बाकावर बसले. ते आत आले नाहीत, पण मला न्यायलाही आले नाहीत. त्यांच्याच्यानं तेवढंच झालं, आणि तेवढ्याबद्दल लोक पुढं त्यांना चांगला बाप म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन ऑपरेशन झालं. फार वेळ लागला नाही. दोन तांबे भरतील एवढं जुनं रक्त निघालं म्हणे, काळं आणि दाट, काकवीसारखं. बाईंनी पडदा कापून त्याच्या कडा टाके घालून उघड्या ठेवल्या. मी शुद्धीवर आले तेव्हा खालचे टाके चुरचुरत होते, पण पोट सपाट होतं आणि ते पिळणारं दुखणं गेलं होतं. मी आधी हसले. मग मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. एका लहानशा छेदाचं काम, आणि त्यासाठी मला दोन वर्षं पोत्यावर बसवलं, अंगारे लावले, पोट फाडलं, लग्नही लावायला निघाले. बघायचं तेवढं कुणी बघितलं नाही.

भेटायला आलेल्या बायकांना आईनं सांगितलं की अपेंडिक्सचं थोडं राहिलं होतं, ते काढलं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

घरी सोडताना बाईंनी एक गोष्ट बजावली. पुढच्या पाळीला रक्त आपोआप बाहेर आलं तर वाट उघडी राहिली असं समजायचं. नाही आलं आणि पोट दुखलं, तर पुन्हा यायचं, पुन्हा ऑपरेशन. तो महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही, पण माझा हात पोटाकडं गेला की तिघांच्याही नजरा तिकडं जायच्या. मला ऑपरेशनच्या टेबलाची भीती नव्हती. खाटेच्या पडद्याआडून ते सगळं बोलणं पुन्हा ऐकावं लागेल याची होती.

महिना झाला, वर आणखी दिवस गेले. काहीच नाही. मग एका सकाळी म्हशींना वैरण टाकताना ओटीपोटात हलकी कळ आली आणि ओलं लागलं. मोरीत जाऊन बघितलं तर लाल होतं. काळं नाही, ताजं लाल. बाहेर आलेलं. मी मोरीतल्या दगडावर बसले आणि मोठ्यानं हसले. आई धावत आली. तिनं बघितलं आणि दारातच मटकन बसून ती तोंड झाकून रडली.

दुपारी जेवायला बसायच्या वेळी बघते तो आत्यानं सोप्यात पोतं अंथरलेलं. आता खरं आलंय, म्हणाली, बस जा बाजूला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. इतकं सगळं होऊनही तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि मला असह्य झालं ते नेमकं हेच. मी पोतं ओलांडून आत गेले आणि आबांच्या शेजारी पाट घेऊन बसले.

"खोट्याला दोन वर्सं बसले, आत्या," मी म्हटलं. "खऱ्याला न्हाय बसणार."

मग मी हात लांब केला आणि बुट्टीतली भाकरी घेतली. आत्या ताटावरून उठली आणि परड्यात निघून गेली. आबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ते उठले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

आई चुलीपुढं होती. आमच्याबरोबर ती कधी जेवायला बसायची नाही, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायची. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, हाताचं पीठ धुतलं, फळीवरचं एक ताट काढलं आणि माझ्या अंगाला अंग लावून बसली. बुट्टी तिच्या हाताजवळच होती. ती तिनं माझ्याकडं सरकवली.

"मला बी वाड एक," म्हणाली.

मी तिला माफ केलं होतं असं नाही, आजही पुरतं केलेलं नाही. पण भाकरी वाढली.